शीर्षासन घातलेलं इंजिन

माझ्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानात इंजिन उलटं बसवायची काहीच गरज नव्हती, हे आधीच कबूल करतो. सरळ बसवलं असतं तर विमानाच्या नाकावर सिलिंडरचं टेंगूळ दिसलं असतं, बस इतकंच. पण मला विमान खऱ्यासारखं दिसायला हवं होतं ना, काउलच्या, म्हणजे नाकावरच्या झाकणाच्या, आत सगळं झाकलेलं, त्यामुळे चाळीसचं इंजिन, म्हणजे साधारण साडेसहा सीसी, डोकं खाली पाय वर करून बसवलं. इंदूरच्या राजेंद्र नगरचे काका, ज्यांच्यामुळे मला हे व्यसन लागलं, त्यांनी काउलमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाले, "अरे, याला शीर्षासन घालायला लावलंयस आणि वरून दूध पाजणारेस होय?" मी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

त्याचं काय आहे, असल्या छोट्या ग्लो इंजिनात ठिणगी वगैरे नसते. प्लगमध्ये प्लॅटिनमची इवलीशी कॉइल, तिला दीड व्होल्टचा सेल लावला की ती लाल होते, इंजिन सुरू झालं की सेल काढायचा आणि पुढचं मिथेनॉल आणि प्लॅटिनम आपसात बघून घेतात, कॉइल तापलेली राहते. हा प्लग रे आर्डेन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४७ साली मॉडेलवाल्यांना दिला. देशाला त्याच वर्षी स्वातंत्र्य मिळालं, माझे रविवार मात्र गेले. कारण इंजिन उलटं केलं की हा प्लग जातो सगळ्यात खाली, जास्तीचं इंधन म्हणा तेल म्हणा, सगळं ओघळून त्याच्यावरच, आणि बुडालेली कॉइल पेटणार कशी?

पहिला रविवार. खंडवा रोडला काकांच्या ओळखीचं शेत, सोयाबीन नुकतंच निघालेलं. घरून पोहे-जिलेबी खाऊन निघालो होतो, मूड मस्त. सवयीने कार्बोरेटरवर बोट धरून प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, चार वेळा फिरवला, पाचव्यांदा प्रॉप घट्ट. म्हटलं वा, काय कॉम्प्रेशन आहे, आणि काठीने जोर लावणार (बोटं वाचवायला असते ती, तिला चिकन स्टिक म्हणतात, आईसमोर मी नुसतं काठी म्हणतो) तेवढ्यात काका ओरडले, "थांब! रॉड वाकवशील!" आत इंधन तुंबलं होतं आणि पातळ वस्तू काही दाबली जात नाही. प्लग काढून प्रॉप फिरवला तर पिचकारी थेट माझ्या शर्टावर. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे आमच्याकडच्या रंगांच्या मिरवणुकीला, अजून पाच महिने होते.

घरी आल्यावर आईने लांबूनच वास ओळखला. इंधनात वीस टक्के एरंडेल असतं हे सांगितल्यावर म्हणाली, "लहानपणी तुला एक चमचा पाजायला दोघांनी धरावं लागायचं. आता विकत आणून विमानाला पाजतोस?" यावर काय बोलणार.

दुसऱ्या रविवारी कळलं की खरी भानगड टाकीची आहे. इंजिन उलटं केल्यावर कार्बोरेटर खाली गेला आणि टाकी होती तिथेच, म्हणजे त्याच्यापेक्षा वर, त्यामुळे विमान नुसतं उभं असलं तरी इंधन आपलं ठिबकतंय. आमच्या नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, याच्या कार्बोरेटरला मात्र चोवीस तास! मग टाकीखालचा फोम कापून ती खाली उतरवली, बोट धरून इंधन खेचायची सवय सोडली, आणि काकांनी शेवटचा उपाय सांगितला: विमानच पाठीवर ठेवायचं, इंजिन सरळ होतं, सुरू करायचं आणि चालू इंजिनासकट विमान पालथं करायचं. आजी मालिश करताना तान्ह्या बाळाला पालथं घालते ना, अगदी तसं, फक्त बाळाच्या नाकावर दहा इंची पंखा फिरत नसतो. पालथं केलं की थ्रॉटल कमी करताच फट् फट् फस्स. कमी वेगात तेल प्लगवर साचतं आणि कॉइल थंड पडते. तिसरा रविवार अख्खा फस्स ऐकण्यात गेला. शेतावरचा राखणदार बिडी ओढत बघत होता, म्हणाला, "भिया, ये उड़ेगा बी कि खाली धुआँ देगा?"

चौथ्या रविवारी उडालं! फुल थ्रॉटलवर इंजिन असं गायला लागलं की मी मागचं सगळं माफ केलं. मग उतरवायला थ्रॉटल खाली घेतला आणि झाडांच्या वरच, फस्स. कसंबसं शेतात आणलं, तर काळ्या मातीच्या ढेकळाला चाक अडकलं आणि विमान कोलांटी खाऊन पाठीवर. प्रॉप आश्चर्य म्हणजे शाबूत. तेल पँटवर गळू नये म्हणून काकांनी ते तसंच उलटं उचलून आणलं, स्टँडवर तसंच उलटं ठेवलं, सेल लावला आणि सहज काठीचा एक टोला दिला. पहिल्या टोल्याला सुरू. आयडल, म्हणजे अगदी कमी वेगातलं चालणं, तर असं की घड्याळ लावून घ्यावं.

राखणदाराने बिडी विझवली. "भिया, तो इसको ऐसेई उल्टा उड़ा लो ना."