टॉमला माणूस केलं की जेरीचं काय होतं?

वाद मंद्याच्या मोबाइलवरून पेटला. कुणीतरी टॉम आणि जेरीला माणूस करून काढलं होतं. टॉम म्हणजे राखाडी केसांचा उंच पोरगा, जेरी म्हणजे तपकिरी केसांचा, त्याच्या कानाला लागणारा. दोघेही देखणे. प्राजक्ताला चित्र जाम आवडलं.

"नावं झाक आणि सांग कोण आहेत ते," सुहास म्हणाला.

"रंग बघ ना! राखाडी, तपकिरी."

"केस रंगवले की झाला का टॉम?"

मी सुहासच्याच बाजूने होतो. टॉम-जेरीचा सगळा जीव मापात आहे. उंदीर मांजराच्या मुठीत मावतो, म्हणून तो भिंतीतल्या भोकात सटकला की आपण खूश होतो. दोघांना एका उंचीचं केलंत की गोष्ट संपली. आणि माप तसंच ठेवलंत, तर एक धिप्पाड माणूस बारक्या पोरामागे तवा घेऊन धावताना दिसेल. ते बघवेल का कुणाला?

मंद्या ॲनिमेशन शिकतो, त्याला हे पटेना. "अरे, माणूस करायचं काम मूळ चित्रकारांनीच सुरू केलंय. हॅना आणि बार्बेरा यांची १९४० ची पहिली फिल्म बघ. त्यात टॉमचं नाव जॅस्पर आहे आणि तो बराचसा खरोखरच्या बोक्यासारखा, चार पायांवर चालतो. पुढे दोन पायांवर उभा राहिला. १९४७ मध्ये तर कोट चढवून पियानो वाजवायला बसला, त्या फिल्मला ऑस्कर मिळालं. मग पुढची पायरी कुणी चढला तर तुमच्या पोटात का दुखतं?"

"कारण त्याच फिल्ममध्ये जेरी पियानोच्या आत पळतोय," सुहास म्हणाला. "माणूस मावेल तिथे?"

प्राजक्ताने 'द लायन किंग' या कार्टून सिनेमाचा विषय काढला. १९९४ च्या त्या सिंहांना माणूस करून बघणारे कितीतरी हौशी चित्रकार आहेत, आणि इथे मला खरंच राग येतो. सिंबाची आयाळ तांबूस, म्हणून पोराचे केस तांबूस, आणि मग कातडी गोरीपान. गोष्ट आफ्रिकेतल्या माळरानावरची आहे ना? सिंह होता तोवर हा प्रश्नच नव्हता, माणूस काढायचा म्हटलं की चेहरा कुठल्यातरी मुलखाचा द्यावाच लागतो. काही चित्रकार तो विचार करतात, तिथले दागिने, केशरचना नीट बघून काढतात, आणि ती चित्रं लगेच वेगळी कळतात. 'माय लिटल पोनी' या घोड्यांच्या कार्टूनवाल्यांनी २०१३ मध्ये पोनींच्या मुली केल्या, तेव्हा कातडी जांभळी, केशरी अशीच ठेवली. प्रश्न टाळला, पण निदान खोटं उत्तर तरी दिलं नाही.

"ब्रॉडवेवरचा बघितलायस का, निदान क्लिपमध्ये?" मंद्याने विचारलं. 'द लायन किंग'चंच १९९७ चं ते न्यूयॉर्कमधलं नाटक, दिग्दर्शन ज्युली टेमोरचं. तिने सिंहाचा मुखवटा नटाच्या तोंडावर न लावता डोक्याच्या वर बसवला. खाली माणसाचा चेहरा उघडा, वर सिंहाचा. सिंबाचा बाप मुफासा आणि काका स्कार चवताळून पुढे झुकले की मुखवटा खाली सरकून चेहऱ्यापुढे येतो, ताठ झाले की परत वर जातो. माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं हे सर्वांत मोठं काम. तिला प्राणी पुसावा लागला नाही.

"कागदावर ते जमत नाही," प्राजक्ता म्हणाली. "तिथे एकच चेहरा काढता येतो. मग टॉम काढायचा कसा, ते सांगा."

उत्तर मंद्यानेच दिलं. पहिल्या फिल्ममध्ये घर सांभाळणारी बाई जॅस्परला दम देते, आता एक जरी वस्तू फुटली तर घराबाहेर. उंदराला हे कळतं, आणि तो टेबलाच्या कडेला ग्लास धरून उभा राहतो. "केस-बिस सोडा. टॉम म्हणजे नोकरी टांगणीला लागलेला घरगडी. जेरी म्हणजे त्याच घरातलं लहान पोर, ज्याला ही नस सापडलीय. माप राहिलं, भांडणही राहिलं."

"आणि मारामारी?" मी विचारलं.

"ती जाईल. घरगडी पोरावर हात उचलूच शकत नाही, म्हणून तर तो ग्लास झेलत फिरणार."

सुहासला हे पटलं. प्राजक्ता मात्र अडून बसली, की असा बिचारा टॉम तिला बघायचाच नाही, तिला तो देखणाच हवा.

मंद्या आता दोन्ही काढणार आहे, एकाच कागदावर.