मालिका आम्हीही बघतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कथेत घरातलं गुपित फुटतं आणि अपराधाच्या ओझ्याखालचा माणूस मोकळा होतो, यावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदाही आला. तिसऱ्यांदा चहा घेऊन वाचली.

एक चूक कबूल. कुंती कर्णजन्माचं गुपित युद्धानंतर सांगते, असं मी सरसकट लिहिलं. खुद्द कर्णाला तिनं ते युद्धाआधी, उद्योगपर्वातच सांगितलेलं असतं. पांडवांना कळतं ते तर्पणाच्या वेळी. दुरुस्ती केली आहे.

आता ते वाक्य. ‘गुपित फुटलं की माणूस सुटतो हे संध्याकाळच्या मालिकांचं गणित आहे, लेखकमहाशय, खऱ्या घरात असं नसतं.’ मुद्दा मांडा की, कोण नको म्हणतंय? पण ‘लेखकमहाशय’ कशाला? आणि खरं घर कुठलं, हे आपण ठरवणार?

तुम्ही युधिष्ठिर पुढे केलात. कर्ण सख्खा भाऊ होता हे कळल्यावर तो सुटत नाही, उलट जळतो, बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही असा शाप देतो. अहो, त्याला ते कळलं. सांगितलं कुंतीनं. मी लेखभर ‘सांगणं’ म्हणतोय आणि तुम्ही ‘कळणं’ वाचताय. सुटका झालीच तर सांगणाऱ्याची होते. तीही, ज्याचं वाटोळं झालं त्याच्या दारात जाऊन सांगितलं तर.

खरं घर हवंय ना? बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं घ्या. १९७४ च्या कायद्यानं कर्नाटकात कुळांना जमीन मिळणार होती, पण त्यासाठी सात नंबरचा फॉर्म भरायचा होता. फॉर्म कन्नडमध्ये. गावात कन्नड वाचणारे माझे आजोबा. एका कुळानं अंगठा उठवून फॉर्म विश्वासानं त्यांच्या हातात दिला. जमीन आजोबांच्या मेव्हण्याची. ३० जून १९७९ ला मुदत संपली, फॉर्म ट्रंकेतच राहिला.

आजोबा गेल्यावर तो अप्पांना सापडला. सहा वर्षं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या घरासमोरून जायला नको म्हणून शेताला वळसा घालून जायचे. शेवटी मला सोबत घेऊन गेले. कुळाची म्हातारी ओट्यावर बसली होती. अप्पांनी सगळं सांगितलं. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, निळ्या अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “मालकांचा फोटू न्हाई आमच्याकडं. ह्यो ठिवू काय?”

जमीन मिळाली नाही. ती आमची नव्हतीच, द्यायची कुठून? तिनं माफ केलं, असंही ती म्हणाली नाही. पण अप्पा दुसऱ्या दिवसापासून सरळ वाटेनं शेताला जायला लागले. हे मालिकेतलं वाटत असेल तर वाटो. मी तिथं उभा होतो, तुम्ही नव्हता.

कन्नड शब्द फार, शेवट लांबला वगैरे बाकीचं, ठीक आहे. आणि २०१४ पासून बेळगावचं ‘बेळगावी’ झालंय, हे मला माहीत आहे. मी बेळगावच लिहितो. ती चूक नाही, दुरुस्त होणार नाही.