आणि ती दुसरी पोरगी?

रविवारी सकाळी मिसळ, दुपारी झोप आणि संध्याकाळी धो धो पाऊस, म्हणून घरातच 'टेकन' लावला. २००८चा सिनेमा, हिंदीत डब केलेला. प्रेक्षक पाच: हे, मी, बारावीतली लेक, नाशिकरोडहून आलेला भाचा आणि सासूबाई.

गोष्ट एवढीशीच. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यातून बाहेर पडलेला बाप. सतरा वर्षांची मुलगी मैत्रिणीबरोबर पॅरिसला जाते आणि पोचल्या पोचल्या दोघींना पळवतात. हातात फक्त ९६ तास. पुढे बाप पॅरिसभर काय धुमाकूळ घालतो ते सांगण्यात अर्थ नाही, तो बघायचाच.

फोनचा तो प्रसंग आला. मुलगी पलंगाखाली, आणि बाप थंड आवाजात तिला सांगतो की ते तुला नेणार आहेत. भाच्याने शिट्टी मारली. आमचे हे चष्मा पुसायला लागले. लेकीच्या दहावीच्या निकालाला हा माणूस पेढे मोजत बसला होता! पण मला ते कळतं. लियाम नीसन काही पिळदार दंडाचा हिरो नाही. पंचावन्नच्या आसपासचा, थकल्या चेहऱ्याचा. सोसायटीचा पंप चालू करायला खाली येणाऱ्या काकांसारखा दिसतो. त्यामुळे बघणाऱ्या प्रत्येक बापाला वाटतं, वेळ आली तर मीही. (ह्यांना दोन जिने चढले की धाप लागते, ते सोडा.)

लेक मात्र वैतागली. "मुलीच्या पॅरिसवारीच्या परवानगीच्या कागदावर सही करायला का-कू करणारा बापच बरोबर ठरवलाय. झालं, आता मला ब्रह्मगिरीलाही कोणी सोडणार नाही." तिचं चूक नाही. 'बाप असावा तर असा' म्हणणारे सगळे त्या सहीचा प्रसंग सोयीस्करपणे विसरतात. मुली मात्र तो विसरत नाहीत.

सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं. बाप जुन्या मित्राकडे जेवायला जातो आणि त्याच्याकडून माहिती काढायला त्याच्या बायकोच्या दंडात गोळी घालतो. त्या ताडकन म्हणाल्या, "अरे, तिने रांधून वाढलं ना तुला!" भाचा हसून लोळला. मलाही हसू आलं, पण त्यानंतर तो बाप मला पहिल्यासारखा आवडेना.

शेवटी विमानतळावर गळाभेट. टाळ्या. आणि सासूबाई: "आणि ती दुसरी पोरगी?"

ती दुसरी म्हणजे अमांडा, बरोबर गेलेली मैत्रीण. बापाला ती पलंगाला बांधलेली, मेलेली सापडते. तो बघतो आणि पुढे जातो, कारण ती त्याची नाही. शेवटी तिचं नावही कोणी काढत नाही. मी हा सिनेमा याआधी तीनदा पाहिलाय. तिन्ही वेळा मीही त्याच्याबरोबर पुढे गेले होते.

आपल्या नाशकातल्या फाळक्यांचा १९१९चा 'कालिया मर्दन' आठवतो? बाळकृष्ण झालीये त्यांची स्वतःची लेक, मंदाकिनी. बाप-लेकीचा आपला पहिला मारामारीचा सिनेमा तोच, असं मी गमतीने म्हणते. पण त्यात कृष्ण डोहात नागाशी झुंजत असतो तेव्हा फाळके मधूनमधून काठ दाखवत राहतात. काठावर नुसते नंद-यशोदा नाहीत, सगळं गोकुळ जीव मुठीत धरून उभं आहे. पोर एका घरचं, घोर गावाला. नव्वद वर्षांनी पॅरिसमध्ये काठावर कोणीच नाही, एकटा बाप आणि त्याचं पिस्तूल. टाळ्या आपण दोन्हीकडे वाजवतो.

ह्यांनी सासूबाईंना समजावलं, "आई, सिनेमा आहे तो."

"सिनेमाच आहे, मला काय कळत नाही? पण तिच्या घरी एक फोन तरी करायचा ना त्याने."