चार माणसं गुणिले चार रात्री, असं क्रूझचं गणित नसतं

कासारवडवलीच्या मावशीने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "हे खरं आहे का रे?" विचारेपर्यंत तिने घरातल्या चौघांच्या पासपोर्टचे फोटो काढूनही ठेवले होते. म्हणून हे लिहितोय.

फॉरवर्डचा सारांश असा. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीची नेहमीच्या प्रवाशांसाठी 'क्राउन अँड अँकर' नावाची पॉइंट योजना आहे, तिच्यात घरातल्या सगळ्यांचे पॉइंट एकाच खात्यात 'फॅमिली पूल' करता येतात. सिंगापूरहून चार रात्रींची सफर केली की चार जणांचे १६ पॉइंट, सूट (मोठी, महागडी खोली) घेतला की ३२, म्हणजे एका फेरीत वरची 'प्लॅटिनम' लेव्हल. पत्ता एक असेल तर आजी-आजोबा, काका-काकूही धरा. खोल्या वेगळ्या घेतल्या तर पुन्हा दुप्पट. कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या मुंबई-गोवा सफरीच्या रात्रीही मोजतात. आणि हा पूल चालू करून द्यायचे फक्त ४,९९९ रुपये.

पूल नावाची चीजच तिथे नाही. कंपनीच्या वेबसाइटवर या योजनेचे नियम आहेत, ते एकदा वाचले तरी हा फॉरवर्ड उभा राहत नाही. पॉइंट माणशी मिळतो, रात्रीला एक. चार रात्री केल्या की बाबांचे चार, आईचे चार, पोरांचे प्रत्येकी चार. सोळा कुणाच्याच खात्यात पडत नाहीत. ३ पॉइंटला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. म्हणजे साध्या खोलीतून चार रात्रींच्या आठ सफरी केल्या की प्लॅटिनम. मेसेजवाला म्हणतो एका सफरीत.

घरच्यांना मिळते ती लेव्हल, बेरीज नाही. एका पत्त्यावर राहणाऱ्या नवरा-बायकोंची खाती जोडून घेता येतात, मग दोघांत ज्याची लेव्हल वरची ती दोघांना लागू होते. अठराच्या आतल्या मुलांना आई-वडिलांची लेव्हल मिळते. बस्स, इथे यादी संपते. आजी-आजोबा, काका-काकू, दीर-जाऊ एकाच छताखाली राहत असले, रेशनकार्ड एक असलं तरी त्यांचे पॉइंट त्यांनाच जमवावे लागतात. एकत्र कुटुंब ही सोय त्या कंपनीच्या डोक्यात आलेलीच नाही.

आता ते ४,९९९. या योजनेचं सदस्यत्व फुकट आहे आणि ते मिळतं पहिली सफर पूर्ण झाल्यावर. ज्या घराने अजून बोटीवर पाय ठेवला नाही त्यांचा पूल कशाचा चालू करणार? पैसे गेले तर पाच हजारांत आटपेल, पण सोबत पासपोर्टचे फोटो मागितलेत. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, शेवटच्या पानावरचा घरचा पत्ता, सगळं अनोळखी नंबरवर. बुकिंगला हे तपशील लागतात, पण ते ज्याच्याकडून तिकीट घेताय आणि पावती मिळतेय त्याला द्यायचे किंवा कंपनीच्या साइटवर स्वतः भरायचे.

सूटमध्ये दुप्पट हे मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य. ज्युनियर सूट आणि त्यावरच्या खोलीत रात्रीला दोन पॉइंट मिळतात, खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसालाही. पण दोन म्हणजे माणशी दोन. चार रात्रींचे आठ, प्लॅटिनमला अशा चार सफरी. शिवाय पोरांना लेव्हल तुमचीच मिळणार असेल तर त्यांच्या दुप्पट पॉइंटचा अठरा वर्षांपर्यंत फारसा उपयोग नाही. सूट परवडतो का हे ठरवताना जादा भाडं चौघांत वाटू नका, दोघांतच वाटून बघा.

वेगळ्या खोल्यांची गोष्ट अर्धवट ऐकलेली आहे. जादा पॉइंट मिळतो तो एकट्याने खोली घेऊन दोन माणसांचं, म्हणजे २०० टक्के भाडं भरणाऱ्याला. चौघांनी दोन खोल्या घेतल्या तर प्रत्येक खोलीत दोघं झाले, एकटं कुणीच नाही. जादा पॉइंट शून्य. गंमत अशी की नियम नीट वाचले तर घराची लेव्हल झपाट्याने वाढवायचा रस्ता निघतो तो घरच्यांना घरी ठेवण्याचा: नवरा-बायकोतल्या एकाने एकट्याने सूट घ्यायचा, रात्रीला तीन पॉइंट (सूटचे दोन, एकट्याचा जादा एक), आणि लेव्हल वाढली की दोघांची. हे 'फॅमिली टिप' म्हणून कुणी फॉरवर्ड करणार नाही.

कॉर्डेलियाचा मुद्दा वाचून मात्र हसू आलं. बॅलार्ड पिअरहून सुटणारं त्यांचं 'एम्प्रेस' हे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनचं होतं, १९९० सालचं, हे खरं. २०२० मध्ये ते विकलं, मालक बदलला, विषय संपला. टीएमटीची जुनी बस कुणी विकत घेऊन गावाकडे वडापला लावली, तर त्या बसमध्ये ठाण्याचा पास दाखवणार का?

आणखी काही नेहमीचे प्रश्न. जहाजावरच्या कॅसिनोचे पॉइंट यात जोडले जातात? नाही, ती योजना वेगळी. जहाजावरच्या खर्चाचे? रॉयलमध्ये नाही. एमएससी या दुसऱ्या क्रूझ कंपनीत मिळतात. छोट्या सफरी जास्त केल्याने फायदा? रॉयलमध्ये काडीचा नाही, रात्री तेवढ्याच. डिस्नेच्या क्रूझवर मात्र आहे, कारण त्यांची अशीच योजना, कॅस्टवे क्लब, रात्री न मोजता सफरी मोजते: एकीला सिल्व्हर, पाचला गोल्ड, दहाला प्लॅटिनम. तीन रात्रींची सफरही एक, सात रात्रींचीही एकच.

आपल्याकडे पॉइंट खरे बुडतात ते नावामुळे. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. एजंट एका बुकिंगला ते पूर्ण टाकतो, पुढच्या वेळी मधलं नाव गाळतो, आणि एका माणसाची दोन खाती होतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं तर हमखास. म्हणून पहिल्या सफरीपासून नाव पासपोर्टवर आहे तस्संच. दुसऱ्या सफरीपासून प्रत्येकाचा, पोरांचाही, सदस्य क्रमांक बुकिंगवर चढलाय का हे निघण्याआधी तपासायचं. दोन खाती झालीच असतील तर दोन्ही क्रमांक आणि जुने बुकिंग नंबर कंपनीला कळवून ती एकत्र करून घ्यायची. नवरा-बायकोंची खाती जोडायची असतील तर दोन्हींवर पत्ता अक्षरशः सारखा हवा. एकावर 'घोडबंदर रोड' आणि दुसऱ्यावर 'जी. बी. रोड' असं ठेवू नका.

मावशी, ते फोटो पाठवू नकोस.