‘कागद-पेन्सिल विसरा’ म्हणणाऱ्यांना

ॲप डिझाइन करणाऱ्यांच्या गटांत एक सल्ला फिरतोय: ‘कागद-पेन्सिल विसरा. पहिल्याच दिवशी फिग्मात हुबेहूब स्क्रीन करा. लोकांचा खरा अभिप्राय त्यावरच मिळतो, आणि तिथं चाललेलं ॲपमध्ये चालतंच.’ फिग्मा म्हणजे ॲपचे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर. या कामात नव्यानं येणारी मुलं हा सल्ला प्रमाण मानतात, म्हणून उत्तर देतोय.

कागद विसरायचा? ‘पायलट’ हा खिशात मावणारा छोटा संगणक, पुढे पामपायलट म्हणून ओळखला गेलेला, १९९६ साली बाजारात आला. त्याआधी त्याचे जनक जेफ हॉकिन्स खिशात मावेल असा लाकडी ठोकळा घेऊन फिरायचे. त्याच्यावर कागदी स्क्रीन लावलेले. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढून नोंद केल्याचा अभिनय करायचे. यंत्र केवढं असावं आणि त्यात नेमकं काय हवं, याचा अंदाज त्यांनी यंत्र तयार होण्याआधीच घेतला.

अभिप्रायाचं तर उलटंच आहे. चकचकीत स्क्रीन दाखवला की माणूस निळा रंग गडद झालाय म्हणतो. बाकी सगळं ठरून गेलंय असं त्याला वाटतं. पेन्सिलीच्या चित्रावर तोच माणूस विचारतो, ‘पैसे भरल्यावर पावती कुठे मिळणार?’ मला हा प्रश्न हवा असतो. २००८ साली आलेल्या बाल्सामिक या स्क्रीनचे कच्चे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरनं रेषा मुद्दाम हातानं काढल्यासारख्या ठेवल्या, त्या याचसाठी.

‘तिथं चाललेलं चालतंच’ हा दावा मात्र मराठी वाचकाला सगळ्यात महाग पडतो. फिग्मातल्या चौकटी बहुतेकदा इंग्रजी शब्दांच्या मापानं आखलेल्या असतात. तिथं ‘वर्षांपूर्वी’ एवढा एक शब्द टाकून पाहा: वर रफार आणि अनुस्वार, खाली दीर्घ ऊकार. फिग्मात तो चौकटीबाहेर डोकावला तरी पूर्ण दिसतो; फोनवर ओळीची उंची कमी असली की मात्रा छाटल्या जातात. काना-मात्रा तुटलेलं मराठी वाचताना मला अजूनही वाईट वाटतं. शिवाय नेटवर्क गेलं, कीबोर्डनं अर्धा स्क्रीन झाकला, यादी रिकामी निघाली, हे त्या चित्रात आपण मुद्दाम काढल्याशिवाय येत नाही.

फिग्मा मी रोज वापरतो. त्याआधीचं ‘स्केच’ नावाचं डिझाइनचं सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालायचं. फिग्मानं ब्राउझरमध्ये एकाच फाइलवर अनेकांना एकत्र आणलं, हे मोठंच काम आहे. पण माझ्याकडे ते दुसऱ्या आठवड्यात उघडतं. पहिला आठवडा कागदाचा. फिग्मात पहिल्या दिवसापासून खरा मराठी मजकूर, आणि त्यानंतर स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर, अक्षरं सर्वात मोठी करून, तोच स्क्रीन.