‘फसलात तर गप्प बसा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

बियाणं-खताच्या कंपन्यांच्या डीलर टूर जाहीर झाल्या की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. ‘विदेशात कुणीच फसवू शकणार नाही, फक्त हे वाचा’ असं त्याचं डोकं आणि खाली सहा सूचना. विक्रीची स्कीम पूर्ण केलेले कृषी केंद्रवाले, म्हणजे बियाणं-खताचे दुकानदार, कंपनीतर्फे बँकॉक-पट्टायाला जातात, कुणी दुबईला, हल्ली बाली आणि व्हिएतनामलाही. त्यातले कितीतरी जण पहिल्यांदाच विमानात बसतात आणि हा मेसेज मोबाईलमध्ये जपून नेतात. त्यातली एकही सूचना पूर्ण बरोबर नाही आणि शेवटची तर सरळ नुकसान करणारी आहे. म्हणून एकेक घेऊन लिहितो.

पहिली सूचना म्हणते, ‘बाहेरचे लोक प्रामाणिक असतात. चांगलं इंग्रजी बोलणारा टापटीप माणूस भेटला तर बिनधास्त विश्वास ठेवा.’ बँकॉकच्या ग्रँड पॅलेससमोर नेमका असाच माणूस भेटतो. नम्रपणे सांगतो, आज बौद्ध सण आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद. तोवर वीस-तीस बाटमध्ये (बाट हे थायलंडचं चलन) टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, तुम्हाला दुसऱ्या बुद्धमूर्ती दाखवून आणेल. ती टुकटुक शेवटी रत्नांच्या नाहीतर सुटाच्या कपड्याच्या दुकानापाशी थांबते. आज सरकारी सेलचा शेवटचा दिवस, हे नीलम भारतात दुप्पट भावाने जातील, असं तिथे सांगतात. आपल्या विदर्भातून जाणाऱ्यांत बौद्ध बांधव मोठ्या संख्येने असतात. सणाचं नाव निघालं की ते आदराने थांबतात, आणि त्या माणसाला तेच हवं असतं. ग्रँड पॅलेस एरवी रोज सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनपर्यंत तिकीट मिळतं. राजघराण्याच्या एखाद्या समारंभामुळे बंद असलाच तर ते तिकीट खिडकीवर कळेल. रस्त्यावर आपणहून येऊन सांगणाऱ्याचं ऐकायचं कारणच नाही. इंग्रजी चांगलं येणं हे तर त्याच्या धंद्याचं भांडवल आहे.

दुसरी सूचना, ‘विमानतळावर पैसे बदलू नका, रस्त्यावर जो सगळ्यात जास्त भाव देईल त्याला द्या.’ यातलं अर्ध खरं आहे. विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडताना समोर दिसतात त्या काउंटरांवर भाव कमी मिळतो. पण बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळातच खाली, रेल्वेच्या मजल्यावर, परवानाधारक मनी चेंजर बसतात आणि त्यांचा भाव शहरातल्या चांगल्या दुकानांच्या जवळपास असतो. ‘सगळ्यात जास्त भाव’ हे तर बालीच्या गल्लीबोळातलं आमिष आहे. तिथे पाटीवरचा भाव बाकीच्यांपेक्षा बराच वर असतो आणि नोटा मुद्दाम लहान देतात, म्हणजे गठ्ठा मोठा होतो. तुमच्यासमोर मोजतात, तुम्हीही मोजता, बरोबर भरतात. मग ‘एकदा परत बघतो’ म्हणून गठ्ठा हातात घेतात आणि टेबलावर आपटून सारखा करताना मागच्या मागे काही नोटा खाली सोडतात. शेवटची मोजणी आपली असली पाहिजे. एकदा मोजून हातात आलेला गठ्ठा परत द्यायचा नाही, कितीही गोड बोलला तरी.

व्हिएतनामला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. तिथली वीस हजार डाँगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचंच चित्र. रात्री टॅक्सीत अंधारात वीस हजारांऐवजी पाच लाख गेले तर पंचवीस पट पैसे गेले. काही ड्रायव्हर हातचलाखीने नोट बदलून ‘तुम्ही वीसच हजार दिले’ असंही म्हणतात. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा आणि देताना आकडा मोठ्याने बोला.

‘टॅक्सीवाल्याशी आधी भाव ठरवा’ ही तिसरी सूचना. जिथे मीटर नाही तिथे ठीक. बँकॉकच्या टॅक्सीला मीटर असतं, ते ३५ बाटपासून सुरू होतं, आणि आधी ठरवलेला भाव मीटरपेक्षा हटकून जास्त निघतो. कापूस विकायला नेल्यावर आपण भाव बोलण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघतो, तसंच इथे आधी मीटर बघा. सुरू करत नसेल तर उतरा. ग्रॅब किंवा बोल्ट हे टॅक्सी बोलवायचं ॲप असेल तर भाडं आधीच दिसतं, वाद राहत नाही.

चौथी सूचना ऐकायला सोपी वाटते म्हणून जास्त महाग पडते: ‘कार्ड मशीनवर रुपये दिसले की रुपयेच निवडा, हिशेब सोपा.’ मशीनवर दोन आकडे येतात, एक तिथल्या चलनात, एक रुपयांत. रुपये निवडले की चलन बदलण्याचं काम दुकानदाराच्या बाजूची कंपनी आपल्या मनाच्या भावाने करते आणि तो भाव तुमच्या बँकेच्या भावापेक्षा जवळजवळ नेहमीच वाईट असतो. तिथलंच चलन निवडा. एटीएमवरही ‘विदाउट कन्व्हर्जन’, म्हणजे रुपयांत न बदलता, हे दाबा. थायलंडच्या एटीएमला परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून अधिक बाट शुल्क लागतं, तेव्हा थोडे थोडे काढत बसू नका.

पाचवी, ‘फॉर्म भरायला गूगलवर पहिली येईल ती वेबसाईट वापरा.’ थायलंडला जाताना १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म, भरावं लागतं. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट आहे. शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिराती मात्र त्याचेच पैसे घेतात आणि पासपोर्टची माहितीही घेतात. खरा पत्ता थायलंडच्या इमिग्रेशनचा, ‘डॉट गो डॉट टीएच’ने (.go.th) संपणारा. पैसे मागितले की ते पान बंद करा.

आता सहावी. ‘पासपोर्ट ठेवून घेतला तरी घाबरू नका, सगळेच ठेवतात. आणि फसलातच तर गप्प बसा. तिथले पोलीस परक्याचं ऐकत नाहीत, गावात हसं होतं ते वेगळंच.’

आमच्या तालुक्यातल्या एका कृषी केंद्रवाल्या भाऊंनी पट्टायाच्या किनाऱ्यावर जेट स्की, म्हणजे पाण्यावर चालणारी स्कूटर, भाड्याने घेतली होती. परत आणल्यावर मालकाने खालच्या बाजूला हात फिरवून एक ओरखडा दाखवला. चार पोरं भोवती उभी राहिली. ओरखडा जुना होता. भाऊंचा पासपोर्ट मालकाकडे, संध्याकाळची बस निघायची वेळ. भाऊंनी एटीएमवर जाऊन मागितले तेवढे पैसे दिले. टूर मॅनेजर दोनशे पावलांवर हॉटेलात होता, त्यालाही सांगितलं नाही आणि घरीही नाही. पुढच्या वर्षीची बॅच त्याच किनाऱ्यावर गेली आणि त्यातला एक जण तसाच लुटला गेला, तेव्हा कुठे भाऊंच्या तोंडून निघालं, ‘काय सांगू भाऊ, लोकं म्हनतील, दुकानात शेतकऱ्याले हिशोब शिकवते अन् तिकडं जाऊन लुटून आला.’

त्यांच्या या लाजेवर मला बोट ठेवायचं नाही, ती लाज आपणच गावात तयार केली आहे. पण त्या टोळीचा धंदा तिच्यावरच चालतो. गिऱ्हाईक दोन दिवसांत मायदेशी जाणार आणि तोंड उघडणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

पोलीस ऐकत नाहीत हेही खरं नाही. थायलंडमध्ये पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत, नंबर ११५५, आणि ते इंग्रजीत बोलतात. नुसता फोन कानाला लावून उभं राहिलं तरी मागणी खाली येते, असे अनुभव पुष्कळ आहेत. दुबईत तातडीला ९९९, साध्या तक्रारीला ९०१. व्हिएतनाममध्ये ११३. जेट स्की किंवा स्कूटर घेण्याआधी चारही बाजूंनी आणि खालून मालकासमोरच व्हिडिओ काढा. पासपोर्ट मागितला तर झेरॉक्स आणि रोख डिपॉझिट द्या. त्याला ते चालत नसेल तर दुसरीकडे चला. स्कूटरला मोटारसायकलचा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी सहसा हात वर करते.

पासपोर्ट गेलाच तर पोलीस ठाण्यातून तक्रारीचा कागद घेऊन भारतीय दूतावासात जावं लागतं. परत येण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट तिथून मिळतं. विम्याचा दावाही त्या कागदाशिवाय उभा राहत नाही, आणि अनेक पॉलिसींत तक्रार चोवीस तासांत करायची अट असते. म्हणजे गप्प बसलेल्याचे दोन्हीकडून पैसे जातात. कार्डावरून आपल्या नकळत पैसे गेले असतील तर बँकेला त्याच रात्री कळवा. चूक आपली किंवा बँकेची नसून तिसऱ्याचीच असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर भार पडत नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात आहे. घरी आल्यावर सांगू म्हणून थांबलात तर ही मुदत वाटेतच संपू शकते.

यंदाची बॅच निघण्याआधी ग्रुप ॲडमिनांनी तो मेसेज काढून टाकावा आणि वरचे नंबर तिथे टाकावेत. ज्यांच्यासोबत असं काही घडलं आहे त्यांनी स्वतःचं नाव न घालता जागा आणि प्रकार तेवढा लिहावा. ज्यांना लिहायला संकोच वाटतो त्यांनी मला फोनवर सांगावं, मी लिहून टाकीन.