नंबर होता, तरी बारा वर्षं फोन का नाही?

नमस्कार,

पुस्तक शेवटपर्यंत वाचून, मग चिडून लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. कार्ली फॉर्च्यूनच्या ‘एव्हरी समर आफ्टर’ या प्रेमकादंबरीबद्दल (२०२२) तुमचे आक्षेप दोन. एक, हातात मोबाइल असताना नायिका पर्सी आणि तिचा प्रियकर सॅम बारा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत हे ओढूनताणून आणलंय. असा विरह जेन ऑस्टेनच्या काळात शोभायचा. दुसरा, पर्सीनं जे केलं त्यानंतर तिला सॅम परत मिळणं म्हणजे लेखिकेनं केलेले लाड. (कादंबरी वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं फोडतोय.)

आधी फोनचं. कादंबरी सुरू होते तीच फोनने, पण तो सॅमचा नाही. त्याचा मोठा भाऊ चार्ली टोरांटोत पर्सीला फोन करून सांगतो, आई गेली. म्हणजे नंबर मिळवणं काही अवघड नव्हतं. आणि त्या घरातून इतक्या वर्षांनी कानावर येणारा आवाज कुणाचा, तर ज्या चार्लीबरोबर अठराव्या वर्षी ती झोपली होती त्याचा! पहिल्या वाचनात ते पान सहज उलटलं जातं. गुपित कळल्यावर पुन्हा वाचा, तिची घाबरगुंडी वेगळीच दिसते. सॅम लग्नाचं विचारतो तेव्हा ती नाही म्हणते आणि कारण गिळून टाकते. इकडे चार्लीनं सॅमला केव्हाच सांगून टाकलेलं. एकाला माहीत आहे, दुसरीला वाटतंय की माहीत नाही, आणि दोघंही मूग गिळून बसलेत. यात मोबाइल काय करणार?

ऑस्टेनचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. तिच्या ‘पर्स्वेजन’मध्ये (१८१७) नायिका ॲन आणि नौदलातला वेंटवर्थ आठ वर्षं दुरावलेले. त्यांचं लग्न मोडलं तेव्हा ॲन एकोणीस वर्षांची, त्याच्याकडे पैसा नाही, वडीलधाऱ्यांचा सल्ला आड आला. पण शेवटाकडे वेंटवर्थ तिला विचारतो, की १८०८ साली गाठीला थोडा पैसा जमला होता, नवं जहाज हाताखाली आलं होतं, तेव्हा मी पत्र टाकलं असतं तर तू हो म्हणाली असतीस? ती असतीच म्हणाली. टपाल चालू होतं. त्यानं लिहिलं नाही ते अभिमानापायी, आणि तो ते स्वतःच कबूल करतो. म्हणजे सहा वर्षं फुकट गेली, तीसुद्धा तुमच्या त्या ‘शोभणाऱ्या’ काळात.

आता लाडाचं. मला सॅम परत मिळण्यापेक्षा सू जाणं मोठं वाटतं. ही सॅमची आई. ऑन्टारिओतल्या बॅरीज बे या तळ्याकाठच्या गावात तिचं ‘टॅव्हर्न’ नावाचं रेस्टॉरंट, आणि तिथली पिरोगी. बटाटा-चीजचं सारण भरून उकडलेली करंजीच म्हणा. तो भागच जुन्या पोलिश वस्तीचा. शेजारचं विल्नो तर कॅनडातली पहिली पोलिश वसाहत मानतात. लेखिका त्याच गावात वाढली, आणि ते कळतं. उन्हाळ्यात पर्सी तिथे कामाला असते, या घरात तिला पोटच्या पोरीसारखी जागा असते. ती परत येते ती सूच्या अंत्यविधीला. सॅमशी भांडता येतं, रडता येतं, माफी मागता येते. सूचं काय? बारा वर्षांच्या गप्प बसण्याची ही किंमत लेखिकेनं वसूल केलीच आहे.

तुमचं एक मात्र खरं, शेवट नको इतका गोड आहे. सॅमही जरा जास्तच गुणी: हृदयरोगाचा डॉक्टर, देखणा, वर क्षमाशील. मी ती शेवटची पानं भराभर उलटली.

आणि चार्लीवर तुमचा एवढा राग आहे, तर सांगून ठेवतो, २०२५ मध्ये ‘वन गोल्डन समर’ आली, तिचा नायक तोच. वाचलीत तर भांडायला या, मी आहेच.